घाट संपल्यावर लागणारा दम

सायकलवाल्यांच्या गटात असा एकजण हमखास असतो. सिंहगडाच्या चढावर तो बाकीच्यांच्या बरोबरीने असतो, कधी पुढेही असतो. वर पोचून सायकल भिंतीला टेकवली, मंडळींनी कांदाभजी आणि मडक्यातलं दही मागवलं, की याला खोकल्याची उबळ येते. पाच-दहा मिनिटांत छाती आवळल्यासारखी होते, श्वास सोडताना बारीक शिट्टी वाजते. तासाभरात सगळं आपसूक निवळतं आणि उतारावर तो पुन्हा हसतखेळत गटात मिसळतो. सल्लेही ठरलेले असतात: स्टॅमिना वाढव, पाणी जास्त पी, प्राणायाम कर. सल्ले वाईट नाहीत, पण ते या माणसाच्या कामाचे नाहीत. स्टॅमिना कमी असता तर दम चढावर लागला असता. याचा दम चढ संपल्यावर लागतो.

धाप किती लागली, याचीच आपल्याकडे चर्चा होते. ती कधी लागली, हे सहसा कुणी विचारत नाही. निदानाचा निम्मा धागा मात्र तिथेच असतो.

जुन्या वैद्यांना श्रमाची धाप आणि दमा यांतला फरक ठाऊक होता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांत श्रमाने लागणारा आणि विसावा घेतला की जाणारा क्षुद्रश्वास वेगळा काढला आहे आणि आजच्या दम्याशी जुळणारा तमकश्वास वेगळा. ग्रीक वैद्य अरेटियसने धावण्याने आणि कष्टाने दमा उसळतो, असं लिहून ठेवलं. १६९८ साली दम्यावर आख्खा ग्रंथ लिहिणारा इंग्लंडचा जॉन फ्लॉयर तर स्वतःच दमेकरी होता, त्यामुळे व्यायामाने काय होतं हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पण श्रमाने श्वासनलिका आवळतातच का, याचं पटण्याजोगं उत्तर मिळायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली.

दोन तर्क समोरासमोर होते. पहिला असा, की जोरजोरात घेतलेल्या हवेने नलिका गार पडतात आणि व्यायाम थांबला की त्यांत एकदम रक्त धावून त्या सुजतात. दुसरा तर्क सिडनीच्या सँड्रा अँडरसन यांनी लावून धरला. त्यांचं म्हणणं होतं की खरा प्रश्न पाण्याचा आहे. आज दुसऱ्या तर्काचं पारडं जड आहे. थंडीने त्रास वाढतो हे खरं, पण त्याचं मोठं कारण म्हणजे थंड हवा कोरडी असते.

जरा हिशेब करून पाहू. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत-बाहेर करतो. एवढी हवा नाक सहज गरम आणि दमट करून फुफ्फुसांकडे पाठवतं. मागणी मिनिटाला ३५-४० लिटरच्या आसपास गेली की नाक पुरेनासं होतं आणि तोंड उघडतं. घाट चढणारा तयारीचा हौशी सायकलस्वार मिनिटाला शंभर लिटरपर्यंत सहज जातो, आणि व्यावसायिक स्पर्धक दीडशेच्याही पुढे. फुफ्फुसांत पोचेपर्यंत ही हवा ३७ अंशांवर येऊन बाष्पाने पूर्ण भरलेली असावी लागते, म्हणजे तिच्या दर घनमीटरमागे सुमारे ४४ ग्रॅम पाणी हवं. पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांवर असतो. तेव्हाच्या हवेत घनमीटरला फार तर नऊ ग्रॅम पाणी मावतं. उरलेले ३५ ग्रॅम श्वासनलिकांच्या अस्तराने द्यायचे. शंभर लिटरच्या वेगाने तासाभरात सहा घनमीटर हवा होते, म्हणजे सुमारे दोनशे ग्रॅम पाणी. श्वास सोडताना त्यातलं काही परत मिळतं, पण उघड्या तोंडाने श्वास चालू असताना ते फारसं नाही.

हे पाणी येतं ते अस्तरावरच्या द्रवाच्या थरातून, आणि त्या थराची जाडी साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी! तो भराभर आटतो आणि उरलेला द्रव खारट होतो. मीठ लावलेल्या काकडीला पाणी सुटावं तसं मग खालच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं. या ताणाने तिथल्या मास्ट पेशी हिस्टामिन, ल्युकोट्राइन, प्रोस्टाग्लँडिन अशी रसायनं सोडतात आणि नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात. आधीच दमा असलेल्यांत या पेशी चिडक्या असतात, म्हणून दमेकऱ्यांपैकी बहुतेकांना व्यायामाने कमीअधिक त्रास होतोच. पण दम्याचा इतिहास नसलेल्या माणसालाही हे होऊ शकतं, आणि वर्षानुवर्षं रोज प्रचंड हवा ओढणाऱ्या खेळाडूंत ते सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त आढळतं. केंट विद्यापीठाच्या जॉन डिकिन्सन यांनी ब्रिटनच्या टीम स्कायमधल्या सायकलपटूंच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा सुमारे एक तृतीयांश जणांत ही तक्रार निघाली. जगातली सर्वांत दणकट फुफ्फुसं बाळगणारी ही माणसं.

आता त्या वेळेच्या प्रश्नाकडे. नलिका आवळणारी रसायनं चढावरच सुटू लागलेली असतात. पण जोर चालू असताना रक्तात ॲड्रेनलिन असतं, ते नलिका उघड्या ठेवतं. शिवाय प्रत्येक खोल श्वास आवळू पाहणाऱ्या स्नायूंना ताणून मोकळं करत असतो. सायकल थांबली की हे दोन्ही आधार जातात आणि आवळण्याला रान मोकळं मिळतं. म्हणून थांबल्यानंतर पाच ते पंधरा मिनिटांनी त्रास कळसाला पोचतो आणि अर्ध्या ते दीड तासात ओसरतो. सकाळभराच्या लांब राइडमध्ये तो मध्येच सुरू होऊ शकतो, पण ‘थांबल्यावर वाढला’ ही खूण सहसा चुकत नाही.

हे पाण्याचं गणित कळलं की बऱ्याच कोड्यांची उकल होते. श्रावणात कोकणातल्या घाटात फिरताना हवा २७ अंशांवर असते आणि बाष्पाने गच्च भरलेली असते; तिला वरून फक्त १८ ग्रॅम पाणी लागतं, पुण्याच्या पहाटेच्या निम्मं. पावसाळ्यात बिनधास्त सायकल चालवणारा माणूस डिसेंबरात खोकू लागतो, तो असा. पोहणं दमेकऱ्यांना मानवतं, तेही पाण्यालगतची हवा दमट असते म्हणूनच. फक्त तलावातल्या क्लोरिनचा त्रास वेगळा. तोंडावर बफ ओढला की दम कमी लागतो, कारण सोडलेल्या श्वासाचं पाणी आणि ऊब कापडात अडकते आणि पुढच्या श्वासाबरोबर आत जाते. हा उपाय जवळजवळ फुकट आहे, आणि बफ बहुतेकांच्या गळ्यात आधीच असतो. तो नाकातोंडावर ओढायचा आळस तेवढा सोडायला हवा.

पण हवेत पाण्याखेरीज इतर गोष्टीही असतात. हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली कोंडली जाते. त्यात कोपऱ्याकोपऱ्यावरच्या शेकोट्यांचा, पेटवलेल्या कचऱ्याचा आणि रात्रभर धावलेल्या वाहनांचा धूर साचून राहतो. पहाटे पाचची हवा शुद्ध, ही आपली लाडकी समजूत शहरांपुरती तरी टिकत नाही. ऊन चढून हा थर फुटायला आठ-नऊ वाजतात, आणि तेव्हा रस्ते वाहनांनी भरलेले असतात. या पेचातून पूर्ण सुटका नाही. शहराबाहेर लवकर पडणं आणि जोराचा भाग बाहेरच करणं, एवढंच हातात उरतं. विश्रांतीच्या बारा-पंधरापट हवा आपण ओढत असतो, म्हणजे धूळही तेवढ्याच पटीने आत जाते. कसारा किंवा खंबाटकीत पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढणाऱ्या ट्रकच्या मागे चिकटून राहणं हा वाऱ्यापासून बचाव नाही, दुसरं काहीतरी आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर गाजरगवत फुलतं, ते निराळंच. १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेत भरलेल्या या गवताने देशभर हातपाय पसरले, आणि त्याच्या परागांची ॲलर्जी असलेल्यांना ऐन ऑक्टोबरात रस्त्याच्या कडेने सायकल चालवणं महागात पडतं. नाक चोंदलेलं असलं तर हवा तोंडानेच घ्यावी लागते. म्हणून सर्दीचा नीट इलाज हा छातीच्या इलाजाचाच भाग आहे.

आतापर्यंत मी गृहीत धरलं की दम नलिका आवळल्यानेच लागतो. तसं नसण्याची शक्यता बरीच असते, आणि इथे घड्याळ पुन्हा कामी येतं.

ऐन जोराच्या क्षणी, स्प्रिंटच्या शेवटी किंवा सर्वांत उभ्या वळणावर एकाएकी गळा आवळल्यासारखा होतो. श्वास आत घेताना घोगरा आवाज येतो. थांबलं की पाचेक मिनिटांत सगळं पूर्ववत. ही छातीची तक्रार नसून स्वरयंत्राची आहे. श्वास घेताना जी उघडायची, ती स्वरतंतूंची किंवा त्यांच्यावरच्या भागाची फट उलट अरुंद होते. हा त्रास किशोरवयीन खेळाडूंत, त्यातही मुलींत जास्त दिसतो आणि वर्षानुवर्षं दमा म्हणून पंप दिले जातात. पंपाने काही फरक पडत नाही. मग मुलगी ढोंग करते, घाबरते, असं घरचे म्हणू लागतात. नॉर्वेतल्या बर्गन इथल्या डॉक्टरांनी यावर पद्धत बसवली: नाकातून बारीक दुर्बीण घालून ती डोक्याला पक्की करायची आणि माणसाला जोराचा व्यायाम करायला लावून स्वरयंत्र चालू स्थितीत बघायचं. ही सोय सगळीकडे नाही. पण श्वास घेताना आवाज येतो की सोडताना, हे कुणीही ऐकू शकतं. मोबाइलवर त्या क्षणाचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवला तर निम्मं काम होतं. इथे औषधापेक्षा स्पीच थेरपिस्टने शिकवलेली श्वासाची तंत्रं उपयोगी पडतात. योग्य शिक्षकाकडचा प्राणायाम मदत करत असेल तर तो अशाच लोकांना.

याहून गंभीर प्रकार चाळिशी ओलांडलेल्यांचा. अलीकडे पंचेचाळिशी-पन्नाशीत महागडी सायकल घेऊन थेट घाटाला भिडणारे बरेच आहेत, आणि त्यांचं कौतुकच आहे. त्यांच्यापैकी कुणाला ठरावीक चढावर, ठरावीक जोराला दर वेळी धाप किंवा छातीत दडपण जाणवत असेल आणि थांबल्यावर दोन-पाच मिनिटांत ते जात असेल, तर आधी हृदयाची तपासणी व्हायला हवी. हृदयविकार नेहमी दुखण्याच्या रूपाने येत नाही. कधी नुसती धाप एवढंच लक्षण असतं, विशेषतः मधुमेह असलेल्यांत. मित्राचा पंप मागून दोन पफ ओढणं इथे धोक्याचं, कारण त्यातल्या औषधाने हृदयाचे ठोके वाढतात आणि खरी तपासणी लांबते.

एकेकाळी चढता येणारा चढ महिनोन्महिने हळूहळू जड होत गेला, तर रक्तातलं हिमोग्लोबिन बघावं; स्त्रियांत हे कारण इतकं सर्रास आहे की ते आधीच तपासायला हवं. आणि चढावर धाप लागते, थांबलं की एकसारखी उतरत जाते, ना खोकला ना शिट्टी, अशी स्थिती असेल तर तो चरकाचा क्षुद्रश्वास. त्याला सरावाशिवाय औषध नाही.

लक्षणांवरून दिशा कळते, पण निदान पक्कं होत नाही. खेळाडूंच्या अभ्यासांत हे वारंवार दिसलं आहे: ज्यांना खोकला आणि घरघर होते त्यांच्यापैकी अनेकांच्या चाचण्या स्वच्छ निघतात आणि ज्यांची काहीच तक्रार नाही अशांच्या नलिका चांगल्याच आवळलेल्या सापडतात. म्हणून मोजायला हवं. दवाखान्यात बसून केलेली साधी स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून हवा मोजण्याची चाचणी, इथे फसवी ठरते. स्वस्थ बसलेल्या सायकलस्वाराचे आकडे बऱ्याचदा सामान्य माणसापेक्षा वरचढच असतात. खरी चाचणी म्हणजे सहा-आठ मिनिटं जोराचा व्यायाम करवून त्यानंतर अर्धा तास ठरावीक अंतराने फुंकून घेणं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा दहा टक्के किंवा जास्त घटली तर निदानाला आधार मिळतो. आणखी एक चाचणी आहे, तिच्यात व्यायाम नसतोच. माणसाला खुर्चीवर बसवून सहा मिनिटं भराभर कोरडी हवा ओढायला लावतात. चक्कर येऊ नये म्हणून तिच्यात थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळलेला असतो. पाय जागचे हलत नाहीत, तरी नलिका आवळतात. दोष हवेच्या प्रमाणाचा आहे, कष्टांचा नव्हे, याचा याहून सरळ पुरावा कोणता? थंडीत राइडच्या आधी जोरजोरात भस्त्रिका करून ‘फुफ्फुसं उघडणाऱ्यांनी’ यावर जरा विचार करावा.

घरच्या घरी करता येण्याजोगी गोष्ट म्हणजे पीक फ्लो मीटर. प्लॅस्टिकची नळी, तिच्यावर सरकता काटा. राइडच्या आधी उभं राहून तीनदा जोरात फुंकायचं आणि मोठा आकडा लिहून ठेवायचा. मग जोराचा भाग संपल्यावर पाच, दहा, पंधरा आणि तीस मिनिटांनी पुन्हा. पंधरा टक्क्यांहून मोठी घट पुन्हा पुन्हा दिसत असेल तर ती वही घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जावं. माझ्या मते अशी वही नेणाऱ्या रुग्णाला डॉक्टरही जरा वेगळ्या नजरेने बघतात. या नळीने अचूक निदान होत नाही. पण ‘कधीकधी दम लागतो’ या वाक्यापेक्षा ती फार जास्त सांगते.

औषधाआधी वॉर्मअपबद्दल सांगायला हवं, कारण यावर आपल्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. या त्रासाची एक विलक्षण बाजू आहे: एकदा नलिका आवळून मोकळ्या झाल्या की पुढचे एक ते तीन तास त्या पुन्हा तितक्या आवळत नाहीत. सगळ्यांना ही सवलत मिळत नाही, साधारण निम्म्यांना मिळते. मुद्दाम केलेल्या वॉर्मअपने तिचा फायदा घेता येतो. नुसतं आरामात पॅडल मारणं त्यासाठी पुरत नाही, मध्ये जोराचे तुकडे लागतात: दहा-पंधरा मिनिटांत अर्ध्या मिनिटाचे सहा-आठ जोरकस झटके आणि मध्ये मिनिटभर सैल. पुण्यातून सायकल चालवतच सिंहगडाच्या पायथ्याशी जाणाऱ्याचं हे काम वाटेतले छोटे चढ आणि सिग्नलवरून मारलेल्या मुसंड्या परस्पर करून टाकतात. सायकल गाडीच्या रॅकवर बांधून पायथ्याशी उतरायचं आणि थंड अंगाने पहिल्याच वळणावर उभं राहून पॅडल दाबायचं, असं करणाऱ्यांना तीच चढण जास्त छळते. शेवटीही एकदम थांबू नये. वर पोचल्यावर पाचेक मिनिटं हलक्या गिअरवर फिरत राहिलं तर नलिका हळूहळू पूर्वपदावर येतात.

आता पंप. ‘पंपाची सवय लागते’ हे वाक्य मराठी घरात इतक्यांदा बोललं जातं की त्याच्यापुढे डॉक्टरांचंही चालत नाही. श्वासातून घेतलेल्या औषधाचं व्यसन लागत नाही. उलट गोळीच्या तुलनेत पंपातून फार थोडं औषध, तेही मायक्रोग्रॅममध्ये, थेट हवं तिथे पोचतं. शरीर कमावण्यासाठी चोरून घेतली जाणारी स्टेरॉइडं आणि दम्याच्या पंपातली स्टेरॉइडं ही औषधंच वेगळी. तरीही या समजुतीत एक तथ्य आहे, पण ते भलत्याच जागी बसलेलं आहे. साल्ब्युटामॉलसारखा झटपट आराम देणारा पंप व्यायामाच्या पंधरा मिनिटं आधी घेतला तर दोन ते चार तास छान संरक्षण देतो. मात्र तो रोज घेतला तर काही दिवसांतच त्याचं संरक्षण तोकडं पडायला लागतं. शिवाय तो स्नायू सैल करतो, अस्तराची सूज तशीच राहते. म्हणून आठवड्यातून तीन-चार दिवस सायकल चालवणाऱ्याने एकट्या त्याच पंपावर विसंबून राहू नये. सूज उतरवणारं, श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड हा इलाजाचा पाया आहे. त्याचा पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात, आणि तिथेच लोक धीर सोडतात. जागतिक पातळीवरच्या दम्याच्या मार्गदर्शक सूचनांनी २०१९पासून मोठ्या माणसांसाठी एकटा साल्ब्युटामॉल पंप पुरेसा मानणं सोडून दिलं आहे. ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप गरजेप्रमाणे आणि व्यायामाआधी वापरण्याकडे आता कल आहे. कुणाला काय लागू पडेल, हे औषधाच्या दुकानदाराने ठरवायचं काम नव्हे.

मॉन्टेल्युकास्टची गोळी काहींना उपयोगी पडते. आपल्याकडे ती सर्दीच्या गोळीत मिसळून सर्रास घेतली जाते. झोप, मनःस्थिती आणि वागणुकीवर तिच्या होणाऱ्या परिणामांमुळे २०२० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला, हे घेणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असतं कोण जाणे.

पंप घेण्याची पद्धत चुकीची असेल तर निदान आणि औषध दोन्ही बरोबर असून काही होत नाही. फवाऱ्याचा पंप आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, सावकाश खोल श्वास घेताघेता दाबायचा आणि दहा सेकंद श्वास धरायचा. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावला तर औषध घशात कमी आणि छातीत जास्त जातं. कॅप्सूल घालून ओढायच्या यंत्राचं उलट असतं: तिथे श्वास जोरात आणि झटक्यात ओढावा लागतो. ती भुकटी पावसाळ्यात ओलसर होऊन गुठळते, म्हणून कॅप्सूल आयत्या वेळीच फोडावी. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरायची, एरवी तोंडात बुरशी धरते.

पंप आणि स्पर्धा यांचा विषय निघाला की क्रिस फ्रूमचं नाव येतंच. टूर द फ्रान्स चारदा जिंकलेला हा सायकलपटू लहानपणापासून दमेकरी. २०१४च्या दोफिने शर्यतीत चढावर पंप ओढताना तो कॅमेऱ्यात दिसला तेव्हाच कुजबुज झाली होती. ७ सप्टेंबर २०१७ रोजी स्पेनच्या वुएल्ता शर्यतीत त्याच्या लघवीत साल्ब्युटामॉल दर मिलिलिटरला २००० नॅनोग्रॅम निघालं. मर्यादा १००० ची. त्या डिसेंबरात बातमी फुटली आणि महिनोन्महिने वाद पेटला. लघवीच्या दाटपणाचा हिशेब लावल्यावर आकडा १४२९ वर आला. २ जुलै २०१८ रोजी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने प्रकरण बंदीविना मिटवलं, आणि पाच दिवसांनी सुरू झालेल्या टूरमध्ये फ्रूम तिसरा आला. इटलीच्या दिएगो उलिस्सीच्या नमुन्यात २०१४ साली १९०० निघाले होते. त्याला नऊ महिन्यांची बंदी झाली. औषध तेच, मूळ आकडेही जवळपास तेच, निकाल मात्र दोन टोकांचे. कुणी खोटं बोललं की नाही, हे मला ठाऊक असण्याचं कारण नाही. पण शरीरातलं पाणी कमीजास्त झालं की हलणाऱ्या आकड्यावर एखाद्याची कारकीर्द टांगलेली असावी, हे बरं नव्हे. सायमन येट्सची गोष्ट तर आणखी साधी. त्याच्या पंपात टर्ब्युटालिन होतं, त्यासाठी लागणारा परवानगीचा अर्ज संघाच्या डॉक्टरांकडून राहिला, आणि २०१६ मध्ये चार महिन्यांची बंदी पदरी पडली.

दमा नसलेल्याने नेहमीच्या मात्रेत पंप ओढला तर दमसास वाढतो, याला बहुतेक अभ्यासांत आधार सापडलेला नाही. दमेकरी खेळाडू मात्र नीट इलाज झाला तर मागे राहत नाहीत. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधल्या अमेरिकेच्या ५९७ खेळाडूंपैकी ६७ जणांना व्यायामाने नलिका आवळण्याचा त्रास होता, आणि त्यांनी मिळून ४१ पदकं आणली. आपल्याकडच्या राज्य-राष्ट्रीय स्पर्धांत उतरणाऱ्यांनाही डोपिंगविरोधी हेच नियम लागू आहेत. साल्ब्युटामॉल २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत आणि कुठल्याही आठ तासांत ६०० पर्यंत, तेही फक्त श्वासातून, परवानगीशिवाय चालतं. एक पफ साधारण १०० चा असतो. आठ तासांत ज्याला सहाहून जास्त पफ लागतात, त्याने डोपिंगची नव्हे, दम्याची काळजी करावी.

राइडला जाताना पंप जर्सीच्या खिशात हवा. मागून येणाऱ्या गाडीत किंवा घरच्या ड्रॉवरमध्ये त्याचा उपयोग नाही. उन्हात तापलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर तो मुळीच ठेवू नये. बहुतेक पंप तीस अंशांच्या आत ठेवायचे असतात, आणि एप्रिलच्या विदर्भात हे सांभाळणं सोपं नाही. मात्रा मोजणारा आकडा असेल तर निघण्याआधी बघावा. सोबतच्या निदान एकाला पंप कुठे आहे, हे माहीत असावं. ताप किंवा छातीत सर्दी असताना जोराची राइड करू नये, मग लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे राइडची फी भरलेली असली तरी. अंगावर गांधी उठून, ओठ सुजून धाप लागली तर तो दमा नसून जीवघेणी ॲलर्जी असू शकते. काहींना गहू किंवा कोळंबी खाऊन लगेच व्यायाम केल्यावरच ती येते. आणि पंप घेऊनही आराम पडत नाही, एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ किंवा नखं निळसर दिसतात, अशी वेळ आली तर त्या माणसाला झोपवू नये. पुढे झुकवून बसवावं, जर्सीची चेन सैल करावी, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या योजनेप्रमाणे पंप देत राहावं आणि १०८ला फोन लावावा. घाटात असाल तर जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा वाचून सांगावा, म्हणजे रुग्णवाहिकेला शोधत फिरावं लागत नाही.